लाभाचा कुडो

माह्या तोंडानंच सानगडीचा दवाखाना बंद पडत होता, हे पहिलेच सांगून टाकते. कोणी दुसऱ्यानं तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. अन् मले राग लवकर येते, हेही सांगून ठेवते. या सगळ्या भानगडीत मी चारदा भांडली अन् चारही वेळा माहं बरोबर होतं. एकदाच चुकलं, तं तेव्हा मी गोड बोलली होती.

मी दवाखान्यात सैपाक करत होती, एकाहत्तर सालापासून. दवाखाना सरकारी नव्हता. नागपूरच्या करुणा रुग्णसेवा मंडळाचा होता. मंडळाचे असे सात दवाखाने. नागपूरचा मोठा, चार मजल्याचा, अन् बाकीचे सहा आमच्यासारखे, गावोगावचे, कवेलूच्या छपराचे. आमच्याकडं बारा खाटा. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस साकोलीवरून येये. सिस्टर शकुंतलाबाई मात्र तिथंच राहे. बाळंतपणं सारी तिच्याच हातची. चौदा वर्षांत किती झाले ते तिलेच माहीत, पण आता सानगडीत जे पोट्टे सायकली फिरवत हिंडतात, त्यातले अर्धे तिनं उलटे धरून रडवलेले आहेत.

आता दवाखाना चाले कशावर, ते ऐका. आमच्याकडं धान चुरून झालं, खळ्यावर रास लागली, का माप सुरू होते. माप कुडोनं, म्हणजे धान मोजाच्या भांड्यानं. पहिला कुडो भरला का त्याले कोणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. मग पुढं दोन, तीन, चार. तो लाभाचा कुडो काही घरांत देवाधर्माचा म्हणून बाजूले निघे, मोजणीत धरतच नसत. पुंडलिकरावांनी एकाहत्तर साली दवाखान्याले रस्त्याले लागून असलेली दोन एकर जागा दिली, अन् त्याच साली आपल्या खळ्यावरचा लाभाचा कुडो डोक्यावर घेऊन आले अन् दवाखान्याच्या ढोलीत, धान साठवाच्या कणगीत, ओतून गेले. बोलले काही नाही. दुसऱ्या साली पन्नास घरचा लाभ आला. पाचव्या साली आजूबाजूच्या पंधरा गावांतून येऊ लागला. दर साली चारशेच्या जवळपास कुडो. कोणी लिहून ठेवलं नाही, कोणी नाव विचारलं नाही. दिलेलं बोलून दाखवलं का त्यातलं पुण्य निघून जाते, असं आमच्याकडं मानतात. ढोलीत ओताचं अन् पाठ फिरवाची.

त्यातलं माह्या सैपाकाले लागे तेवढं मी ठेवे. उरलेलं धान चौऱ्याहत्तर सालापासून मंडळाचा ट्रक येऊन नागपूरले घेऊन जाये. तिथं गरीब पेशंट असतात, त्यायले भात लागते, असं सांगत. आम्ही म्हणलं, न्या बावा.

फक्त पोत्यायची कटकट होती. ट्रक भराले तीसेक पोते लागत, अन् दवाखान्याजवळ एकही नसे. मग मी घरोघर हिंडून उसने आणे. पोतं काही दान नव्हतं, पोतं उसनं होतं. कोणाच्या पोत्यावर गेरूचं फूल, कोणाच्या तोंडाले लाल सुतळीचे तीन टाके. ट्रक महिन्या-दोन महिन्यांनी औषधं घेऊन पुन्हा येये तेव्हा रिकामे पोते परत येत, पण पुरे कधीच येत नसत. मग बायायचे भांडणं माह्या दारात. माही शेजारीण देवकाबाई तं सहा पोत्यांसाठी माह्याशी दोन वर्षं बोलली नाही. म्हणून मी एक केलं. पोत्यांसोबत नागपूरवरून जी चिठ्ठी येये, ती फेकली नाही. चुलीमागच्या तारेत ओवून ठेवली. कोणी भांडाले आलं का सिस्टरबाईले वाचाले लावाचं, नागपूरवरूनच इतके आले, मी नाही खाल्ले तुमचे पोते.

पंच्याऐंशी सालच्या पौषात नागपूरवरून कृष्णराव नावाचे एक साहेब आले. मंडळाची पाहणी होती. पन्नाशीचे, चष्मा, खांद्यावर कापडी पिशवी. माणूस वाईट नव्हता. चहाचे पैसे द्याले निघाला तेव्हा मीच त्याले रागावली. चार दिवस तो सानगडीत घरोघर फिरला अन् एकच गोष्ट विचारत राहिला, दवाखान्याला तुम्ही वर्षाला काय मदत करता.

आता आमचे लोक काय म्हणतीन? पुंडलिकराव म्हणाले, "कायची मदत साहेब, काही नाही." त्यायच्या भावानं म्हणलं, काही नाही. देवकाबाई म्हणाली, आम्ही गरीब माणसं, आम्ही काय देणार. ज्याच्या घरून चौदा साल धान आलं तोही काही नाही, अन् ज्याच्या घरून एक मूठ आली नाही तोही काही नाही.

शेवटी तो सैपाकघरात आला. मी सुपात तांदूळ निवडत होती. तेच तांदूळ, लोकायच्या लाभाचे. माह्या दीड एकराचाही कुडो त्यात होता.

"रंभाबाई, हे धान्य कुठून येतं?" त्यानं विचारलं.

"येते देवाच्या कृपेनं," मी म्हणलं.

"तुम्ही स्वतः काही देता का?"

"मी काय देणार साहेब? काही नाही."

असं गोड बोलली मी. हसून बोलली. त्यानं लिहून घेतलं.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाचं पत्र आलं. सिस्टरबाई सैपाकघरात येऊन पाटावर बसली अन् तिनं ते मले वाचून दाखवलं. सानगडी शाखा दरसाल नऊ हजार रुपये तोट्यात. स्थानिक लोकांची मदत शून्य. मंडळाची आर्थिक प्रकृती नाजूक. सबब ही शाखा एकतीस मार्चपासून बंद.

शून्य हा शब्द मी तिले दोनदा वाचाले लावला. तो कृष्णरावानं मनानं लिहिला नव्हता. आम्हीच घरोघर उभं राहून लिहून दिला होता.

अन् बाजूच्या खोलीत माही रुखमा झोपली होती.

रुखमा माही एकुलती एक पोरगी, अड्याळले दिलेली. आठवा महिना लागला होता, म्हणून सिस्टरबाईच्या नजरेसमोर दवाखान्यातच ठेवली होती. सिस्टरबाईनं एप्रिलचा पहिला हप्ता सांगितला होता. ही तिची दुसरी खेप. पहिल्या खेपेले आठव्यातच कळा आल्या, मी तिले माहेरी आणाच्या आधीच. अड्याळले मंडळाचा दवाखाना होता, आमच्यासारखाच, पण तो चारच महिन्यापहिले बंद झाला होता. दाराले कुलूप. जावयानं बैलबंडी जुंपली अन् भंडाऱ्याचा रस्ता धरला. पहेला गावाच्या अलीकडं, बंडीतच, पोरगा झाला अन् तिथंच गेला. रुखमा वाचली. मी पोहोचली तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती अन् मले एवढंच म्हणाली, "माय, कुलूप होतं तिथं."

मी तेव्हा अड्याळच्या लोकायले शिव्या घातल्या होत्या. म्हणलं, कसले लोक तुम्ही, एक दवाखाना सांभाळता नाही आला. आता ते पत्र ऐकलं अन् मले समजलं, अड्याळलेही कोणी चष्मेवाला घरोघर गेला असन, अन् तेथचेही लोक हात जोडून म्हणले असतीन, काही नाही देत साहेब. राग मंडळाचा आला, आपल्या गावाचा आला, अन् सगळ्यात जास्त माह्याच जिभेचा आला.

मी तशीच पुंडलिकरावांकडं गेली. ते माह्या सासऱ्याच्या नात्यातले, मी त्यायले मामाजी म्हणते, डोक्यावर पदर घेऊन बोलते. त्या दिवशी पदर घेतला पण आवाज खाली ठेवला नाही.

"मामाजी, तुम्ही साहेबाले काहून म्हणलं, काही नाही देत म्हणून?"

"मग काय म्हणू?" ते म्हणाले. "दिलं दिलं म्हणून डांगोरा पिटू?"

"पिटा. दवाखाना बंद होऊन राहिला."

"सूनबाई, ते लाभाचं धान होतं. त्याचा आकडा नसते. जे आपण मोजलंच नाही, ते सांगाचं कसं? तू सांगितलं का?"

ते अंगणात खाटेवर बसले होते, सत्तरीचा माणूस, अन् त्यायचाही चेहरा उतरला होता. पण तोंड उघडाले तयार नव्हते. म्हणाले, आपली गोष्ट खरी असली तं देव पाहीन. मी म्हणलं, देवानं अड्याळले पाह्यलं नाही. अन् निघून आली.

रुखमाले मी सांगितलं नव्हतं, पण दवाखान्यात राहून काय लपते? तिनं रात्री जेवताना विचारलं, "माय, एकतीस तारखेले इथंही कुलूप लागन का?" मी म्हणलं, जेव तू. तिनं ताट बाजूले सरकवलं.

मार्चच्या मधल्या एका रविवारी मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी स्वतः आले. गावाले समजावून सांगाले. ज्यायनं मंडळ काढलं त्यायचे हे चिरंजीव, पांढरे कपडे, गोड बोली, अर्धी हिंदी. सोबत कृष्णराव, पिशवीत वह्या. दवाखान्याच्या ओसरीवर सतरंजी टाकली, शंभरेक माणूस जमलं, बाया खांबाकडं. सिस्टरबाई दारात उभी. रुखमा आतल्या खाटेवर, दार उघडं ठेवून.

"देखो भाई, मंडळाची तब्येत बिघडली आहे," भैय्याजी म्हणाले. "सात दवाखान्यांपैकी एकच कमावतो, नागपूरचा. बाकी सहा खातात. अड्याळ बंद केला, तरी तोटा भरून निघत नाही. नव्या इमारतीचं बँकेचं कर्ज आहे. आई बीमार पडली तर लेकरं जगतील का? पहिले आईला वाचवू. नागपूर वाचलं तर पुढं पाहू."

"अन् इथची जागा?" कोणीतरी मागून विचारलं.

"जागा मंडळाच्या नावानं आहे. विकून कर्ज हलकं करू. तेही सेवेचंच काम."

मी पुंडलिकरावांकडं पाह्यलं. त्यायनं मान खाली घातली होती, पण काठीवरची पकड घट्ट झाली होती.

माह्यानं राहावलं गेलं नाही. मी खांबाजवळूनच म्हणलं, "भैय्याजी, हा दवाखाना खात नाही. गावाच्या धानावर चालते. उरते ते तुम्हीच नेता."

"कोणतं धान, बाई?" ते म्हणाले, रागानं नाही, समजुतीनं. "कृष्णराव घरोघर गेले. एक माणूस बोलला नाही, मी दिलं म्हणून. तुम्हीसुद्धा."

मी लोकायकडं वळली. "बोला ना आता. कोणी कोणी आणून ओतलं ते बोला."

शंभर माणूस सतरंजीकडं पाहत बसलं. मले असं वाटलं का एकेकाले धरून हलवावं. लेकरं इथं जन्मले यायचे, सुनांच्या रक्ताचे कपडे इथं धुतले गेले, अन् यायले लाज कायची तं दिलं म्हणाची. भैय्याजींनी हात जोडले, सभा संपली असं धरून.

तेवढ्यात देवकाबाई उठली. तिले दवाखान्याचं काही पडलं नव्हतं असं मी म्हणत नाही, पण तिच्या जिवाले दुसरंच लागलं होतं.

"मंडळ बंद होऊन राहिलं तं माह्या सहा पोत्यांचं काय?" ती म्हणाली. "तीन टाक्याचे. रंभाबाईनं नेले, परत आले नाही. ते कोण देईन?"

लोक हसले. सगळ्यायले बोलाले काहीतरी सापडलं. दुसरीनं म्हणलं, माहे चार. तिसरीनं म्हणलं, माहे गेरूच्या फुलाचे दोन. दान कोणाच्या तोंडातून निघालं नव्हतं, पण पोत्यांचा आकडा सगळ्यायले तोंडपाठ. मी एवढी चिडली का सांगता सोय नाही. इकडं माह्या पोरीच्या जिवाशी गाठ, अन् या बायायले पोते आठवून राहिले. तशीच पाय आपटत सैपाकघरात गेली, चुलीमागची तार काढली अन् आणून सिस्टरबाईच्या हातात दिली.

"वाचा बाई, यायच्या तोंडावर वाचा. नागपूरवरून जेवढे आले तेवढे मी वाटले."

सिस्टरबाईनं काजळी झटकली अन् पहिली चिठ्ठी वाचली. वरती मंडळाचं नाव, खाली शिक्का. सानगडी शाखा, रिकामी पोती अठ्ठावीस परत पाठवली. दुसरी, सव्वीस. तिसरी, एकतीस. अशा अकरा. वाचता वाचता तिचा आवाज बदलला. शेवटची वाचून तिनं मनातल्या मनात बेरीज केली अन् म्हणाली, "तीनशे बारा."

तीनशे बारा, मी मनाशी म्हणलं. अन् मग जे समजाले अकरा वर्षं लागले ते मले एकदम समजलं.

मी भैय्याजीसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, सानगडीनं काही दिलं नाही, शून्य, असं तुमच्या कागदात आहे. बरोबर? मग तुमच्याच शिक्क्याचे हे तीनशे बारा रिकामे पोते कायचे? भरलेले आलेच नाही, तं रिकामे कसे परत पाठवले?"

भैय्याजींनी चिठ्ठ्या हातात घेतल्या, उलट्यासुलट्या केल्या.

"हे कोठारवाल्याचं काम," ते म्हणाले. "पाहावं लागेल."

"कृष्णराव साहेब," मी म्हणलं, "तुम्ही माह्या हातचा चहा पिला आहे. खरं बोला. धान गेलं कुठं?"

कृष्णरावानं एकदा भैय्याजीकडं पाह्यलं. मग पिशवीतून मोठी वही काढली अन् बोट ठेवत ठेवत गेला. बोलला हळूच, पण ओसरीले ऐकू गेलं. धान नागपूरच्या कोठारात उतरे, म्हणून ते नागपूरच्या दवाखान्याची देणगी म्हणून चढवलं जाये. सहाही गावांचं. तेही पेशंटांच्या ताटात नाही, बाजारात विकून. शंभर रुपये पोतं. अन् वरच्या ऑफिसचा खर्च, मोटारी, पगार, इमारतीचं व्याज, तो मात्र सातही दवाखान्यांवर वाटून टाकत. सानगडीच्या माथी सालाचे सहा हजार.

मले लिहिता येत नाही, पण पैसे मोजता येतात. मी बोटावर धरलं. नऊ हजार तोटा. त्यातले सहा हजार तुमच्या ऑफिसचे, ते आम्ही खाल्ले नाही. राहिले तीन हजार. मागच्या साली एकतीस पोते गेले, तीन हजार शंभर.

"म्हणजे शंभर रुपये तुमच्याकडंच निघतात," मी म्हणलं.

"बाई, तुम्ही समजून घ्या," भैय्याजी म्हणाले. "बँकेला नागपूरचं हॉस्पिटल फायद्यात दाखवावं लागतं. नाही तर कर्ज मिळत नाही. हे चोरी नाही. मी एक पैसा घरी नेला नाही."

"नेला असता तं बरं झालं असतं," मी म्हणलं. "चोर म्हणून धरला तं असता. तुम्ही आम्हाले उपाशी दाखवून स्वतः धष्टपुष्ट दिसता, अन् वरून म्हणता लेकरं आईले खातात. अड्याळलेही असंच केलं ना? माह्या पोरीचं लेकरू त्या कुलपापायी रस्त्यात गेलं. त्याचा तोटा कोणत्या वहीत मांडला, दाखवा मले."

आतल्या खाटेवर रुखमा उठून बसल्याचा आवाज आला. सिस्टरबाई तिच्याकडं गेली. भैय्याजींनी कबूल काही केलं नाही. एवढंच म्हणाले, "पोत्यांची चिठ्ठी म्हणजे धान दिल्याची पावती नव्हे. देणारा कोण, ते कुठं आहे?"

तेव्हा पुंडलिकराव उठले. काठीवर भार देऊन, सावकाश. माह्याकडं पाह्यलं नाही, भैय्याजीकडंही नाही. कृष्णरावाच्या वहीकडं पाहून बोलले.

"चौदा साल. चौदा कुडो. अन् ही दोन एकर जागा. पुंडलिक, राहणार सानगडी. लिहा."

एवढं बोलून ते खाली बसले अन् धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिले, काही खराब तोंडात गेल्यासारखं. त्या माणसानं जन्मात आपल्या हातानं दिलेलं आपल्या तोंडानं सांगितलं नव्हतं. माह्या डोळ्यात पाणी आलं, अन् राग तर त्याहून जास्त आला, का या माणसाले हे बोलाले लावलं.

मग एकेक उठू लागला. नऊ साल, नऊ कुडो. अकरा साल, अकरा कुडो. आवाज असा, का जसं पोलिसापुढं गुन्हा कबूल करून राहिले. देवकाबाईनं म्हणलं, तेरा, अन् सहा पोते. कृष्णराव दिवस कलेपर्यंत लिहीत होता. शेवटी मीही नाव लिहून दिलं.

दवाखाना एक सालासाठी राहिला. भैय्याजींनी अट टाकली, यापुढं धान आलं का खळ्यावरच माप, नाव, आकडा, पावती. तेव्हाच ते सानगडीच्या नावानं चढवू. नागपूरचं कर्ज काही फिटलं नाही, अड्याळचं कुलूप काही निघालं नाही. त्याबद्दल मी त्यायले पत्र लिहून घेतलं होतं सिस्टरबाईकडून, दोनदा. उत्तर आलं नाही.

रुखमा एप्रिलच्या तीन तारखेले बाळंत झाली, दुपारी, बारा खाटांतल्या खिडकीजवळच्या खाटेवर. मुलगी. सिस्टरबाईनं उलटी धरली तशी अशी रडली का बाहेर बैलं बिचकले. रुखमानं तिले घेतलं अन् पहिले दाराकडं पाह्यलं. दार उघडंच होतं.

दिवाळीनंतर चुरणी झाली. पहिलं माप पुंडलिकरावांच्या खळ्यावर. मी पाहाले गेली होती, नातीले कडेवर घेऊन. रुखमा सणाले आली होती ती अजून इथंच होती. राशीजवळ कृष्णराव खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर पावतीबुक, कार्बन लावलेलं. पुंडलिकरावांनी पहिला कुडो भरला, हातानं सपाट केला. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. कृष्णराव पेन धरून वाट पाहत राहिला.

"एक," पुंडलिकराव म्हणाले.

कृष्णरावानं लिहिलं, पावती फाडली, त्यायच्या हातात दिली. त्यायनं ती घडी करून टोपीत ठेवली. गावातल्या साऱ्या खळ्यावर त्या साली तसंच झालं. अन् दहा-पंधरा दिवसांत एक जण पावती घेऊन दवाखान्यात आला, भांडत, का माह्याजवळ पावती आहे, माह्या सुनेले खिडकीजवळची खाट काहून नाही. त्याचं चूक नाही. आम्हीच त्याले शिकवलं.

ते ऐकून मी घरी गेली. आमच्या दीड एकराचं माप माह्याच हातानं झालं. पहिला कुडो मी भरला अन् मोठ्यानं म्हणलं, लाभ. नात रुखमाच्या कडेवरून पाहत होती. तो कुडो पोत्यात टाकला, डोक्यावर घेतला अन् दवाखान्यात नेऊन ढोलीत ओतला. ओसरीवर कृष्णराव बसलाच होता. त्यानं पावतीबुक उघडलं.

"रंभाबाई, किती लिहू?"

"काही नाही," मी म्हणलं.

"अहो, आता तर पाहिलं मी. तुम्हीच तर भांडून हे सुरू करवलं."

"लोकायचं लिहा. एकेक दाणा लिहा, नाही तं पुन्हा येऊन भांडीन. माह्या नावापुढं शून्य लिहा."

त्यानं पेन खाली ठेवलं. मी रिकामं पोतं झटकलं अन् त्याच्यापुढं धरलं, तोंडाचे तीन लाल टाके दिसतीन असं.

"हे मात्र नागपूरले जाऊ देऊ नका," मी म्हणलं. "हे देवकाबाईचं आहे, मले परत द्याचं आहे."